वसतिगृहाच्या नकाशात दोरी कुठे आहे?



या वेळी पावसाळ्यातल्या साठवणीच्या डब्यांवर लिहिणार होते. ते पुढच्या खेपेला. आज जरा भांडायचं आहे, आणि भांडण ताजं असतानाच लिहिलेलं बरं.

आमच्या वारणानगर भागात एका शाळेच्या आवारात मुलींचं वसतिगृह बांधायचं घाटतं आहे. शाळेचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नाहीत, आणि उद्या पुन्हा त्यांच्याच पंगतीला बसायचं आहे. देणगीदारांची बैठक होती. ह्यांना ताप होता म्हणून त्यांच्या जागी मी गेले. चहा झाला, दिवे मालवले आणि पडद्यावर चित्र आलं. १२० मुलींसाठी तीन मजली इमारत. रस्त्याच्या बाजूला पायथ्यापासून माथ्यापर्यंत काच, काचेवरून सोडलेल्या हिरव्या वेली, गच्चीवर सोलर, मागच्या कोपऱ्यात ‘एसटीपी’ लिहिलेला एक निळा चौकोन. वर मोठ्या अक्षरांत ‘शाश्वत वसतिगृह’. आर्किटेक्ट तरुण मुलगा, बोलायला गोड. ‘ग्रीन’ हा शब्द किती वेळा येतो ते मी बोटांवर मोजायला लागले, बोटं संपली तेव्हा सोडून दिलं.

शेवटी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा म्हणाले. मी विचारलं, “१२० मुलींचे कपडे वाळत कुठं घालायचे?”

खोलीत हशा पिकला. आर्किटेक्ट म्हणाला, “काकू, ते डिटेलिंग नंतर होतं.” आणि एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, “अहो वहिनी, दोरी काय, मुली बांधून घेतील.”

घरी आल्यावर वाण्याच्या बिलामागं हिशोब मांडून ह्यांना दाखवला. एका मुलीचे रोजचे चार कपडे धरा. १२० मुलींचे झाले ४८०. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये धुतलेला कपडा वाळायला दोन दिवस लागतात, म्हणजे एका वेळी दोरीवर साडेनऊशे ते हजार कपडे. एका कपड्याला अर्धा मीटर जागा म्हटली तरी जवळजवळ अर्धा किलोमीटर दोरी लागते. चादरी, टॉवेल, गणवेशाचे स्वेटर यात धरलेले नाहीत. अर्धा किलोमीटर लांबीची गोष्ट नकाशात नाही आणि ती ‘डिटेल’ आहे! वेलींची लांबी मात्र काढली होती.

माझा राग दोरीपुरता नाही. मी स्वतः १९८४ ते १९८७ अशी तीन वर्षं वसतिगृहात काढली आहेत. कुठल्या गावात, ते नको. साठ मुली, चार संडास, सकाळी तासभर पाणी. कपडे वाळवायला जागा नव्हती, म्हणून खाटेच्या दांडीला, खिडकीच्या गजाला, दाराच्या कडीला सगळीकडं ओलं लटकलेलं असायचं. आतले कपडे आणि पाळीचे कपडे तर कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून परकराच्या आत घालून वाळवायचे. ते वाळायचेच नाहीत. दमट ते अंगावर घालायचे. निम्म्या मुलींना खाज, चट्टे. सगळ्या एकमेकींना गुपचूप एकच मलम द्यायच्या. डॉक्टरकडं कोण जाणार, आणि जाऊन सांगणार काय?

माझ्या खोलीत शिरोळकडची एक मुलगी होती, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. संडास इमारतीच्या मागे होते आणि तिकडं जायच्या बोळातला दिवा कायम गेलेला. ती दुपारी चारनंतर पाणी पीत नसे. आमच्या रेक्टरबाई तिचं कौतुक करायच्या, केवढी धार्मिक पोरगी, सूर्यास्तानंतर पाण्याचासुद्धा त्याग! मीही तसंच समजत होते. एकदा रात्री ती रडायला लागली तेव्हा कळलं. व्रत कसलं, तिला त्या बोळाची भीती वाटायची. दुसऱ्या वर्षी तिला मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. वडील आले, ट्रंक उचलली आणि घेऊन गेले. ती परत आली नाही. माझ्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली.

म्हणून सांगते, वसतिगृह टिकाऊ आहे की नाही हे गच्चीवर काय बसवलंय त्यावरून मी ठरवत नाही. तिथं राहायला आलेली मुलगी शिक्षण पूर्ण होईपर्यंत टिकते का, ते आधी बघते. मग इमारत तिच्या नातीपर्यंत टिकते का, ते. सोलरचा नंबर त्यानंतर.

आता नकाशाकडं येते. आपण बायका नकाशा वाचत नाही असं पुरुषांना वाटतं. अहो, आपण रोज त्याच्या आत राहतो.

ती काच पश्चिमेला आहे. का, तर रस्ता पश्चिमेला आहे आणि फोटो रस्त्यावरून काढायचा आहे. आपण साधारण १७ अंश अक्षांशावर राहतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावलीसुद्धा पडत नाही. दक्षिणेच्या भिंतीला हिवाळ्यात ऊन लागतं, तेही एका बऱ्यापैकी छज्जानं अडवता येतं. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं येतं, छज्जाखालून थेट खोलीत शिरतं. तिथं आपल्या आज्यांनी काय केलं? पश्चिमेला जाड भिंत घातली, न्हाणी काढली, जिना काढला, कोठी काढली, बाहेर चिंच नाहीतर करंज लावला. झोपायच्या खोल्या पूर्वेला आणि उत्तरेला. या नकाशात चाळीस मुलींच्या खाटा काचेला लागून आहेत. मार्चपासून तिथं भाकरी भाजून निघेल. मग एसी येईल, एसीला वीज लागेल, आणि त्या विजेसाठी आणखी सोलर लावून त्याला पुन्हा ‘ग्रीन’ म्हणायचं.

काच कुठून आली याचा मी विचार केला. लडाखमध्ये फे गावाजवळ सेकमोलचं आवार आहे. तिथल्या मातीच्या जाड भिंतींच्या इमारतींना दक्षिणेकडं मोठ्या काचा आहेत. बाहेर पाणी गोठतं तेव्हा दिवसभराचं ऊन त्या काचांतून आत येतं, भिंतीत साठतं आणि खोल्या उबदार राहतात. तिथं ती काच बरोबर आहे, कारण तिथलं दुखणं थंडीचं आहे. आपलं दुखणं उन्हाचं आणि ओलीचं. दुसऱ्याच्या दुखण्याचं औषध चित्र छान दिसतं म्हणून घ्यायचं का? आणि सेकमोलची खरी उचलण्यासारखी गोष्ट, की ते आवार तिथली मुलंच चालवतात, ती आपल्या पडद्यावर आली नाही. तिच्याकडं मी नंतर येते.

गच्चीचं म्हणाल तर सोलरला माझा विरोध नाही. पण त्याआधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. चाळीस पंखे रोज बारा तास चालले तर दिवसाला वीसेक युनिट वाचतात. पाच किलोवॅटचं सोलर साधारण तेवढीच वीज देतं. वाचलेली वीज आधी मोजायची, मग विकत घ्यायची. हे तर वारणा बाजारात किराणा भरणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. आणि सोलरचा सांगाडा गच्चीला चिकटवून बसवण्याऐवजी आठ फूट उंच करा. खाली स्लॅबला सावली मिळेल आणि पाचशे मीटर दोरी बांधायला ऐसपैस जागा होईल. पॅनलच्या फटींतून पाऊस गळतो, तिथं पन्हळी बसवाव्या लागतील. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूला डोक्याइतकी उंच विटांची जाळी घाला. वारा येईल, पाऊस अडेल, रस्त्यावरून कुणाला काही दिसणार नाही. मग मुली आपले आतले कपडे उघड्या हवेत वाळवतील. एवढ्यानं अर्धी मलमं बंद होतील.

उरलेल्या गच्चीला जुनाच इलाज आहे. विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढरी चायना मोझॅक. जमलं तर भिंतींना रॅट-ट्रॅप बाँड, म्हणजे विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवायची पद्धत. केरळात लॉरी बेकर यांनी ती आयुष्यभर वापरली. विटा पाव हिश्श्यानं कमी लागतात आणि पोकळीमुळं भिंत कमी तापते. आपल्या गवंड्यांना ती शिकवावी लागेल, पहिल्या चार भिंती वाकड्या येतील, येऊ देत.

पाण्याचं सांगताना आर्किटेक्ट म्हणाला, “पावसाच्या पाण्यावर हे वसतिगृह वर्षभर स्वयंपूर्ण होईल.” टाळ्या पडल्या. मी पुन्हा वाण्याचं बिल काढलं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. छप्पर ६०० चौरस मीटर धरा, वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटर धरा, गळती-उडती सोडून ऐंशी टक्के हाती आलं तर ४ लाख ८० हजार लिटर. वसतिगृहाला माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरायचं, असं सरकारी मानक आहे. १२० मुलींचं झालं १६,२०० लिटर. भागाकार करा. तीस दिवस! वर्षभर कुठलं? आणि तेही सगळं साठवायला टाकी बांधली तर.

पावसाचं पाणी साठवू नका असं नाही, जरूर साठवा. जास्तीचं विहिरीकडं वळवा. पण सोळा हजाराचा आकडा आधी खाली आणा. शॉवर मिनिटाला नऊ-दहा लिटर ओततो. बादलीची अंघोळ पंधरा-वीस लिटरमध्ये होते. तरी नकाशात प्रत्येक न्हाणीघरात शॉवर आहे आणि बादली ठेवायला जागा नाही. फ्लशची टाकी दोन बटणांची घ्या. एवढ्यानं माणशी ९० लिटरवर आलात तर तेच तीस दिवस चव्वेचाळीस होतात.

आपल्या घरात पाणी गाळून घ्यायची रीत आहे. माझी सासू गाळलेल्या फडक्यावर थोडं पाणी ओतून ते परत विहिरीत सोडायची, फडक्यात अडकलेले जीव ज्या पाण्यातले त्या पाण्यात जावेत म्हणून. लग्न होऊन आले तेव्हा मला तो खुळेपणा वाटायचा. आता वाटतं, पाण्याचं कर्ज फेडायची ती रोजची सवय होती. न्हाणीचं पाणी परड्यातल्या अळूला आणि केळीला जायचं, मोरीचं कर्दळीला. हे आता ‘रूट झोन ट्रीटमेंट’ म्हणून परत आलं आहे. खडी-वाळूचा वाफा, त्यात कर्दळ, आणि अंघोळी-धुण्याचं पाणी त्यातून झिरपत बागेला. वीज लागत नाही.

याउलट तो निळा चौकोन. एसटीपीतली घाण खाऊन टाकणारे जिवाणू असतात, त्यांना रोज खायला लागतं. शाळेचं वसतिगृह दिवाळीत आणि मे महिन्यात रिकामं होतं. जिवाणू उपाशी मरतात आणि जूनमध्ये पोरी परततात तेव्हा नुसता वास. ते चालवायला शिकलेला माणूस लागतो, पंप लागतो. हे सुट्टीचं गणित त्या बैठकीत कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण सुट्टीनंतर बंद घर उघडायचं काम त्यांच्यापैकी कुणी कधी केलेलं नाही. संडासासाठी साधी, नीट बांधलेली सेप्टिक टाकी, वर कर्दळीचा वाफा, आणि उपसायची गाडी टाकीपर्यंत जाईल असा रस्ता. तो रस्ता नकाशात नाही. गाडी पोचली नाही की कुणीतरी माणूस आत उतरवला जातो. २०१३ च्या कायद्यानं ते करायला बंदी आहे, तरी माणसं आत गुदमरून मरतातच. अहिंसेच्या गप्पा मारणाऱ्या आपण तो रस्ता मागायला नको का?

संडासाचं नाव काढलं की बैठकीत लोक खाली बघतात. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात स्वस्त, स्वच्छ संडास कसा करावा यावर वर्षानुवर्षं डोकं चालवलं. देहूत डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेला गॅस चुलीपर्यंत नेला. आपल्याच मराठी मुलखातली ही माणसं, आणि आपल्या पडद्यावर त्या जागी फक्त इंग्रजी ‘टी’ लिहिलेले चौकोन. मजल्याला चाळीस मुलींमागं चार. म्हणजे सकाळी सहा ते सात रांग, आणि एक तुंबला की तीन. १९८४ पासून आम्ही एवढेच पुढं आलो.

स्वयंपाकघर तळघरात आहे. हे वाचताना तुम्हीही थांबला असाल. वर डायनिंग हॉलला जागा मोकळी मिळावी म्हणून १२० जणींच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायका तळघरात, एक्झॉस्टच्या पंख्याच्या भरवशावर. २०१९ च्या महापुरात वारणेचं पाणी कुठवर आलं होतं ते इथं सगळ्यांनी पाहिलं. त्या वेळी पूरग्रस्तांना शाळांच्याच इमारतींत ठेवलं होतं, चुलीही तिथंच पेटल्या. तळघरातलं स्वयंपाकघर आणि तळघरातली पाण्याची मोटर पहिल्या दिवशी बुडते. आपली जुनी माणसं घर पांढरीत बांधायची आणि शेती काळीत करायची. तात्यासाहेब कोरे यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली ती माळावर, काळी जमीन उसाला सोडून. जोतं उंच घ्या, मोटर आणि मीटर वर न्या आणि स्वयंपाकघराला पूर्वेची मोठी खिडकी द्या. सोलरचं गरम पाणी पावसाळ्यात मिळणार नाही. थंडी तर तेव्हाच वाजते. त्यासाठी चोथ्याच्या कांड्यांवर चालणारा एक मोठा बंब लागेल, तो धूर बाहेर टाकणाऱ्या धुराड्यासह मागच्या पडवीत ठेवा. साखर कारखान्याच्या दारात राहून पाणी तापवायला गॅस जाळायचा म्हणजे कमालच.

जाता जाता, संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत ठेवा. हे मी धर्म म्हणून लादत नाही, तिथं सगळ्या जातीधर्मांच्या मुली राहणार. उजेडात जेवण झालं की दिवे वाचतात, अन्नात किडे पडत नाहीत, स्वयंपाकाच्या बायका वेळेत घरी जातात. रात्री अभ्यास करणाऱ्या पोरींना दहा वाजता भूक लागणारच, त्यांच्यासाठी दूध आणि शेंगदाण्याचे लाडू असू देत. माझी मुलगी म्हणते, “आई, दहा वाजता लाडू कोण खातं?” ते तिचं ती बघेल.

आता कामाचं. बैठकीत सांगितलं गेलं की स्वच्छता ‘आउटसोर्स’ असेल. म्हणजे मुली राहतील, खातील, ओल्या फरशीवरून चालत जातील आणि दुसरं कुणीतरी पुसेल. एका पालकांनी मान डोलावली, “बरोबर आहे, फी भरायची आणि पोरीनं झाडायचं?”

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांच्या आश्रयानं १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी आपलं दिगंबर जैन बोर्डिंग. मग इतर समाजांची निघाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. आपल्या जैन बोर्डिंगमध्ये तेव्हा एक मुलगा राहत होता, इथून जवळच कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेला. भाऊराव पाटील. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला, परत आल्यावर विटाळ म्हणून अंघोळ करायला नकार दिला आणि त्याला बोर्डिंगमधून काढलं, असं सांगतात. आपण कर्मवीरांच्या जयंतीला ‘आपल्या समाजाचं रत्न’ म्हणून भाषणं करतो तेव्हा हा भाग गाळतो. मला वाटतं तोच आधी सांगायला हवा.

पुढं त्यांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एक बोर्डिंग चालवलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तिथं मुलं एका पंगतीत जेवायची आणि आपली कामं आपण करायची. स्वावलंबी शिक्षण हे त्या संस्थेचं ब्रीदच आहे. आणि लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. काटकसर, एकत्र राहणं, आपला कचरा आपण उचलणं हे सगळं तिथं होतं. ‘शाश्वत’ हा शब्द तेवढा भिंतीवर नव्हता. आपल्या बाहुबलीच्या गुरुकुलातली मुलं आपले कपडे आपण धुतात, त्यांना कुणी बिचारी म्हणत नाही.

जुनं ते सगळं सोनं असंही मी म्हणत नाही. जुन्या बोर्डिंगांत खरूज होती, ढेकूण होते, एका खोलीत पंधरा पोरं होती. मला मुलींना गरिबीत लोटायचं नाही. आणि स्वावलंबनाच्या नावाखाली गरिबांच्या पोरींनी झाडायचं आणि श्रीमंतांच्या पोरींनी क्लासला जायचं, असं होणार असेल तर मी स्वतः जाऊन बंद पाडीन. पण दहा-दहा मुलींचे बारा गट केले, रोज अर्धा तास प्रत्येकीनं दिला, तर झाडणं, न्हाणीघर, कर्दळीचा वाफा, पाण्याच्या मीटरची नोंद, ताटात उरलेलं अन्न तोलणं, सगळं होतं. नळ गळतोय हे मीटर लिहिणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी कळतं. ठेकेदाराला तीन महिन्यांनी कळतं, नाहीतर कळतच नाही. इंजिनिअर होणाऱ्या मुलीला आपला मैला कुठं जातो हे ठाऊक असेल तर ती पुढं असले नकाशे काढणार नाही.

तो पालक म्हणजे आपणच, मैत्रिणींनो. माझ्या घरात दोन मुलं वाढली. मुलाला मी कधी झाडू हातात दिला नाही. आता सून बोलते आणि ती बरोबर बोलते.

शेवटची गोष्ट पैशांची. आपल्या समाजात दानाला कमी नाही. पण पंख्याच्या पात्यावर नाव, फरशीवर नाव, घड्याळावर नाव. मी असं घड्याळ पाहिलं आहे, जे चार वर्षं बंद आहे आणि नाव मात्र चकचकीत. कमानीला देणगीदार सात मिळतात. संडासाच्या दिव्याला एक नाही, आणि दहा वर्षांच्या दुरुस्तीला तर नाहीच. दान चार प्रकारचं आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पहिली तीन वसतिगृहात कुठं बसतात ते कुणीही सांगेल. अभयदान म्हणजे हिंसेपासून जीव वाचवणं एवढंच मला तेव्हा कळलं होतं. शिरोळच्या त्या मुलीला रात्री दोन वाजता बोळात दिवा लागत होता.

मी विश्वस्तांना पत्र दिलं आहे. आमच्या घरचा वाटा कमानीला नको. प्रत्येक मजल्यावर संडास खोल्यांच्या ओळीतच, उजेडात घ्या, आणि चाराऐवजी सहा करा. गच्चीवर जाळीची भिंत आणि दोऱ्या. जे उरेल ते बँकेत ठेवा आणि व्याजातून दुरुस्ती करा. पाटी लावायची नाही. पश्चिमेच्या पाच जुन्या चिंचा पार्किंगसाठी तोडणार आहेत. त्या राहिल्या तरच पहिला हप्ता, असंही लिहिलं. ह्यांनी पत्र वाचलं, “फार कडक झालं,” म्हणाले आणि खाली सही केली.

परवा तो आर्किटेक्ट मुलगा घरी आला. चहा घेतला, परड्यात गेला, केळीखालची मोरी बघितली आणि माझ्या दोरीची उंची टेपनं मोजून घेतली. त्याची आई कपडे कुठं वाळत घालते, मी विचारलं. “बाल्कनीत,” म्हणाला, “आणि रोज कटकट करते.” स्वयंपाकघर वर आणायचं त्यानं कबूल केलं. चिंचांचं बघतो म्हणाला. काचेचं मात्र विश्वस्तांच्या हातात आहे, कारण ती देणाऱ्याचं नाव आधीच ठरलं आहे. पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे. या भागातल्या ज्या कुणी जाणार असाल त्यांनी काचेचं विचारा. दोरीचं मी विचारून झालं आहे.